अक्षरांचें त्रैराशिक

परीक्षेस बसणारें मूल ज्या घरांत असतें, त्या घरांत संध्याकाळच्या वेळीं एक प्रश्न हटकून कानीं पडतो. ‘क’चा ‘ग’शीं जो संबंध, तोच ‘ट’चा कोणाशीं? मूल बोटें मोजतें, ओठांतल्या ओठांत वर्ण म्हणतें आणि ‘ड’ असें उत्तर देतें. वडील माणसें समाधानानें मान हालवितात व पुढला प्रश्न वाचतात. पाहणाऱ्यास हा खेळ भेंड्यांइतकाच निरुपद्रवी वाटावा. परंतु गेल्या शंभरांहून अधिक वर्षांत याच चार पदांच्या कोड्यानें कोणाला शाळेचा दरवाजा उघडून दिला, तर कोणाच्या तोंडावर तो लावून घेतला. हें कोडें परीक्षेंत कसें शिरलें, आणि त्यांतले शब्द जाऊन त्यांच्या जागीं नुसतीं अक्षरें कां आलीं, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

कोड्याचा सांगाडा फार जुना. तीन पदें दिलेलीं, चौथें काढावयाचें, हें आपलें त्रैराशिकच होय. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास तें सूत्रांत बसविलें आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’मुळें प्रमाण, फल व इच्छा हीं त्यांतील पदांचीं नांवें पाठशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या म्हटलीं गेलीं. ग्रीकांनीं गणितांतील प्रमाणाला जो शब्द योजिला होता, तोच पुढें सादृश्यालाही लागू झाला. आयुष्याला जसें वार्धक्य तशी दिवसाला सायंकाळ, हें ॲरिस्टॉटलनें काव्यचर्चेंत दिलेलें उदाहरण याच धर्तीचें आहे. आपल्याकडील न्यायशास्त्रानें तर उपमानाला स्वतंत्र प्रमाणाची पदवी दिली. गवय हा गाईसारखा असतो एवढें ऐकून अरण्यांत गेलेला मनुष्य, पूर्वीं कधीं न पाहिलेला गवय समोर येतांच ओळखतो. मात्र त्रैराशिकांत आणि परीक्षेंतील कोड्यांत एक मोठें अंतर आहे. पांच शेर तांदळाला अमुक दाम, तर आठ शेरांस किती, येथें काय करावयाचें याविषयीं शंका नसते. नियम ठरलेला, केवळ पद काढावयाचें. कोड्यांत नियमच दिलेला नसतो. तो सोडविणाऱ्यानें हेरावयाचा, आणि तोही काढणाऱ्याच्या मनांत असेल तोच. सारी अडचण येथें आहे.

बुद्धीचें माप घेण्याची पहिली उपयुक्त पट्टी पॅरिसमध्यें १९०५ सालीं आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनीं तयार केली. तिच्यांत तीस प्रश्न होते. वर्गांत मागें पडणारीं मुलें वेळींच ओळखावीं व त्यांस निराळें शिक्षण द्यावें, एवढाच तिचा हेतु होता. मुलाची बुद्धि ही जन्माची ठरलेली रक्कम आहे असें बिने मानीत नसत. त्यांच्या पट्टींत चतुष्पदी कोडें नव्हतें. इंग्लंडांत लिव्हरपूल येथें काम करणाऱ्या सिरिल बर्ट यांनीं १९११ सालीं उच्च मानसिक व्यापारांच्या ज्या कसोट्या प्रसिद्ध केल्या, त्यांत तें होतें; त्याच वर्षीं अमेरिकेंत वुडवर्थ व वेल्स यांनींही तशीच एक कसोटी पुढें मांडली. याच बर्ट यांच्या जुळ्या भावंडांवरील आंकड्यांबद्दल त्यांच्या मृत्यूनंतर केवढा गहजब झाला हें पुष्कळांस ठाऊक असेल, पण तो विषय निराळा. या कोड्याला तत्त्वज्ञानाचें बळ दिलें तें चार्ल्स स्पिअरमन यांनीं. निरनिराळ्या विषयांत मिळणाऱ्या गुणांमागें एकच सामान्य बुद्धिशक्ति असते, असा त्यांचा १९०४ चा सिद्धांत. १९२३ च्या ग्रंथांत त्यांनीं पुढें प्रतिपादन केलें कीं, दोन वस्तूंमधील संबंध काढणें आणि एक वस्तु व संबंध मिळाले असतां दुसरी वस्तु काढणें, हेच बुद्धीचे मूलव्यापार होत. चतुष्पदी कोड्यांत हे दोन्ही व्यापार एकापाठोपाठ घडतात. मग परीक्षकांना याहून सोयीचें साधन कोणतें मिळणार!

दरम्यान महायुद्धानें या साधनाला प्रयोगशाळेंतून छावणींत नेलें. १९१७ सालीं अमेरिका युद्धांत उतरली, तेव्हां रॉबर्ट यर्क्स यांच्या पुढारीपणाखालीं मानसशास्त्रज्ञांनीं सैन्यभरतीसाठीं दोन कसोट्या रचल्या: साक्षरांसाठीं ‘आल्फा’ आणि निरक्षर किंवा इंग्रजी न जाणणाऱ्यांसाठीं चित्रांची ‘बीटा’. सुमारें १७ लाख लोकांची अशी परीक्षा झाली. ‘आल्फा’चा सातवा भाग समसंबंधाचा होता. प्रश्न ४०, वेळ ३ मिनिटें. म्हणजे एका प्रश्नाच्या वांट्याला साडेचार सेकंद. कोणी नुकताच आगबोटींतून उतरलेला, कोणी कापसाच्या शेतांतून आलेला. अशा माणसानें अनोळखी शब्दांतील संबंध साडेचार सेकंदांत ओळखावा, आणि न ओळखल्यास तो त्याच्या रक्ताचा दोष ठरावा, असा हा न्याय होता.

आणि तसा तो ठरविण्यांतही आला. प्रिन्स्टनचे कार्ल ब्रिगहॅम यांनीं सैन्यांतील याच आंकड्यांवरून १९२३ सालीं ग्रंथ लिहून दक्षिण व पूर्व युरोपांतून येणारे लोक उत्तरेकडील लोकांहून बुद्धीनें कमी आहेत, असा निष्कर्ष काढला. पुढल्याच वर्षीं अमेरिकेनें परदेशीयांच्या आगमनावर कडक निर्बंध घातले. त्या कायद्याचीं कारणें अनेक होतीं, आणि कसोट्यांच्या अभावींही तो झाला असता असें मानण्यास जागा आहे. तरी त्या काळच्या पूर्वग्रहाला शास्त्राचा शिक्का मिळाला हें खोटें नव्हे. ब्रिगहॅम यांच्याविषयीं एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. १९३० सालीं त्यांनीं स्वतःच आपल्या या अभ्यासास कांहीं आधार उरत नाहीं, असें छापून कबूल केलें. असा प्रामाणिकपणा विद्वानांत दुर्मिळ असतो. परंतु तोंपर्यंत त्यांनीं रचलेली दुसरी एक वस्तु रूढ होऊन चुकली होती. ती म्हणजे अमेरिकेंतील महाविद्यालयप्रवेशाची कसोटी. २३ जून १९२६ रोजीं ती प्रथम घेण्यांत आली, ८,०४० उमेदवार बसले, आणि तिच्या नऊ भागांत समसंबंधाचा भाग होताच.

शब्दांच्या समसंबंधांतील खोट याच परीक्षेंत पुढें उघडी पडली. तिच्यांतील एक प्रश्न अमेरिकेंत कुप्रसिद्ध आहे. धावपटूचा लांब पल्ल्याच्या शर्यतीशीं जो संबंध, तो कोणाचा कशाशीं, असें विचारून जीं उत्तरें दिलीं होतीं त्यांत बरोबर उत्तर होतें वल्हेकऱ्याचें व नौकाशर्यतीचें. आतां नौकाशर्यत ही नदीकांठच्या श्रीमंत महाविद्यालयांची करमणूक. ज्याच्या घरीं तो शब्द जेवतांना उच्चारला जातो त्याला हा प्रश्न सोपा; ज्यानें तो कधीं ऐकलाच नाहीं, त्याची तर्कशक्ति कितीही तल्लख असली तरी ती चालवावयास त्याला हातीं कांहीं मिळतच नाहीं. २००५ सालीं या परीक्षेंतून समसंबंधाचे प्रश्न काढून टाकण्यांत आले.

म्हणूनच अक्षरें पुढें आलीं. विचार असा कीं, शब्दाला घराणें असतें, अक्षराला नसतें. वर्णमाला राजाच्या मुलाला तीच आणि मजुराच्या मुलाला तीच. शिकागोचे लुई थर्स्टन यांनीं १९३८ सालीं २४० विद्यार्थ्यांस ५६ कसोट्या देऊन बुद्धि एकच कीं अनेक याचा जो शोध घेतला, त्यांत अक्षरांच्या मालिका व अक्षरांचे गट यांना मानाचें स्थान होतें. अर्थाचें ओझें नसलेलें, केवळ क्रम असलेलें असें हें द्रव्य परीक्षकांस आदर्श वाटलें यांत नवल नाहीं.

इंग्लंडांत या विचाराला न्यायबुद्धीची जोड मिळाली. गॉडफ्रे टॉम्सन हे टाईन नदीच्या कांठच्या कामकरी वस्तींत वाढलेले आणि शिष्यवृत्त्यांवर शिकलेले गृहस्थ. नॉर्थंबरलंड परगण्यांतील अनेक खेडेगांवच्या शाळांतून माध्यमिक शाळेच्या शिष्यवृत्तीसाठीं एकही मूल येत नाहीं, ही गोष्ट १९२० च्या सुमारास ध्यानांत आली. तेथील शिक्षणाधिकाऱ्यांसाठीं टॉम्सन यांनीं कसोट्या रचल्या, त्या शाळेंत काय शिकविलें हें न पाहतां मुलाची समज पाहण्यासाठीं. १९२५ नंतर ते एडिंबरो येथें गेले व तेथील मोरे हाउस या शिक्षणसंस्थेच्या नांवानें त्यांच्या कसोट्या प्रसिद्धीस आल्या. १ जून १९३२ रोजीं स्कॉटलंडांतील १९२१ सालीं जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाची, म्हणजे ८७,४९८ मुलांची, एकाच दिवशीं यांपैकीं बाराव्या क्रमांकाची कसोटी झाली. तिच्यांत ४५ मिनिटांत ७१ प्रश्न होते. समसंबंधाचे आठ, सांकेतिक लिपीचे दोन. बरोबर ६६ वर्षांनीं, १ जून १९९८ रोजीं, त्यांतील हयात मंडळींपैकीं कांहींनीं ॲबर्डीन येथें एकत्र जमून तीच कसोटी पुन्हां दिली. सत्त्याहत्तर वर्षांच्या त्या आजी-आजोबांचे गुण बालपणच्या गुणांशीं बरेच जुळले. तेव्हां या कसोट्या कांहींच मोजीत नाहींत असें म्हणून त्या झुगारून देणें, हेंही अविचाराचें ठरेल.

त्या मोजतात तें काय, हें कळण्यास कोडें सोडवितांना काय घडतें तें पाहावें. इंग्रजी वर्णमालेंतील प्रश्न घ्या. ‘बी-डी’ला जसें ‘ई-जी’, तसें ‘के-एम’ला काय? प्रत्येक अक्षर तीन घरें पुढें सरकलें आहे; म्हणून उत्तर ‘एन-पी’. सरावलेला उमेदवार अक्षरें म्हणत बसत नाहीं. ‘ए’ला एक, ‘झेड’ला सव्वीस असे आंकडे त्याला पाठ असतात. पांचवें ‘ई’, दहावें ‘जे’, पंधरावें ‘ओ’, विसावें ‘टी’, पंचविसावें ‘वाय’ हे मैलाचे दगड तो डोक्यांत ठेवतो, आणि दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर असणाऱ्या जोडीची बेरीज नेहमीं सत्तावीस होते, हें त्याला कोणीतरी सांगितलेलें असतें. आतां दुसरा प्रश्न: ‘सी’ला जसा ‘एक्स’, तसा ‘जी’ला कोण? ‘सी’ तिसरा, ‘एक्स’ चोविसावा, बेरीज सत्तावीस. म्हणून ‘जी’ला ‘टी’. परंतु एखाद्या मुलानें ‘सी’पासून ‘एक्स’ एकवीस घरें पुढें आहे असें मोजलें आणि ‘झेड’नंतर पुन्हां ‘ए’ धरून ‘जी’पासून एकवीस घरें तो चालला, तर तो ‘बी’वर जाऊन पोंचतो. त्याचा तर्क कोठें चुकला? कोठेंच नाहीं. आरशासारखी उलट जोडी हा परीक्षकांचा आवडता प्रकार आहे, एवढें त्याला माहीत नव्हतें, इतकेंच. नियम हेरणें म्हणजे पुष्कळदां परीक्षकाची संवय हेरणें असतें, आणि संवय शिकवितां येते.

इंग्लंडांत तें लवकरच दिसून आलें. १९४४ च्या शिक्षणकायद्यानंतर अकराव्या वर्षीं होणाऱ्या निवडपरीक्षेवर मुलाची पुढील शाळा, आणि बहुधा पुढील व्यवसायही, अवलंबून राहूं लागला. मग या कोड्यांचीं सरावपुस्तकें निघालीं, शिकवण्या सुरू झाल्या. १९५० नंतरच्या वर्षांत फिलिप व्हर्नन यांनीं शिकवणीनें व सरावानें गुण चांगलेच वाढतात, हें उघडपणें मांडलें. खेड्यांतील दुर्लक्षित मूल शोधण्यासाठीं निघालेलें साधन शहरांतील शिकवणी परवडणाऱ्या मुलाच्या हातीं गेलें. १९६५ पासून ही निवडपद्धति बहुतेक ठिकाणीं मागें पडली. तरी इंग्लंडच्या कांहीं भागांत ती टिकून राहिली, आणि तेथें प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर सगळी इंग्रजी वर्णमाला छापून देण्याची चाल पडली. अकरा वर्षांच्या मुलाला भरभर क्रम आठवणें हा बुद्धीचा भाग नव्हे, ही त्यामागील कबुली समजावयास हरकत नाहीं.

हिंदुस्थानांत बुद्धिमापन शिक्षकांच्या प्रयत्नांतून आलें. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनीं बिने यांच्या कसोटीचें कानडी व मराठी मुलांसाठीं रूपांतर करून त्यावरील आपला ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध केला. परक्या मुलांसाठीं केलेली पट्टी येथें तशीच लावणें योग्य नाहीं, ही त्यांची दृष्टि. पुढें शिष्यवृत्तीच्या परीक्षेंत बुद्धिमत्ता-चाचणी आली, बँकांच्या व सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षांत तर्कपरीक्षा आली, आणि समसंबंध, अक्षरमाला, सांकेतिक भाषा हे शब्द मराठी घरांत गणित-भूगोलाइतके ओळखीचे झाले.

येथें मराठी मुलाची एक गंमत आहे, आणि ती केवळ गंमत नव्हे. रोमन अक्षरांचा क्रम हा निव्वळ परंपरेचा आहे. त्याचें पूर्वरूप तेहतीसशें वर्षांपूर्वीच्या, सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारित येथील मातीच्या पाट्यांवर सांपडतें. परंतु ‘बी’नंतर ‘सी’ कां, याला उच्चाराचें कारण कांहींच नाहीं. आपली वर्णमाला तशी नव्हे. क, च, ट, त, प हे पांच वर्ग कंठापासून ओठांपर्यंत पायरीपायरीनें पुढें येतात आणि प्रत्येक वर्गांत कठोर, मृदु, अल्पप्राण, महाप्राण, अनुनासिक यांची रांग तीच. प्राचीन ध्वनिशास्त्रज्ञांनीं मांडलेला हा पट आहे. ‘क’ला ‘घ’ तसा ‘त’ला ‘ध’ हें उत्तर घरें मोजून येतें आणि कानानेंही येतें. म्हणजे मराठी मुलासमोर एकाच कोड्याचे दोन नियम नेहमीं उभे असतात, एक जागेचा व एक आवाजाचा. आणि पटाच्या आंत ते एकमेकांशीं भांडत नाहींत.

पटाच्या कडेला मात्र भांडतात. ‘क’ला जसा ‘ख’, तसा ‘म’ला कोण? जागा पाहणारें मूल ‘य’ म्हणेल, आणि उत्तरपत्रिकेंत तेंच छापलेलें असावयाचें. कान देणारें मूल म्हणेल, ‘क’मध्यें प्राण मिसळला कीं ‘ख’ होतो, तसा ‘म’मध्यें मिसळला कीं ‘म्ह’. म्हैस, म्हातारा, म्हणणें यांतील तो ध्वनि तें जन्मापासून ऐकत आलेलें असतें. हें उत्तर देणारें मूल मंद कीं परीक्षकाहून दोन पावलें पुढें? उत्तरपत्रिकेला तें सांगतां येत नाहीं. ती शून्य देते. शेवटाकडे तर नुसतें मोजणेंही कठीण होतें. ‘ळ’ कोठें धरावा, ‘क्ष’ व ‘ज्ञ’ हीं जोडाक्षरें मोजावीं कीं वगळावीं, यावर घरें बदलतात. २००९ सालीं महाराष्ट्र शासनानें ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना वर्णमालेंत अधिकृत स्थान दिलें, तेव्हां स्वरांची मोजणीही बदलली. प्रश्न काढणाऱ्यानें आपण कोणती वर्णमाला धरली आहे हें प्रश्नाच्या डोक्यावर छापावें, ही अपेक्षा अवाजवी नाहीं.

वर्णमालेच्या कडेवरचा हाच पेंच अमेरिकेंतील डग्लस हॉफस्टॅडर यांनीं १९८० नंतर मुद्दाम संशोधनास घेतला. ‘ए-बी-सी’चें ‘ए-बी-डी’ झालें, तर ‘आय-जे-के’चें काय? बहुतेक लोक ‘आय-जे-एल’ म्हणतात. मग ‘एक्स-वाय-झेड’चें काय? ‘झेड’च्या पुढें अक्षरच नाहीं. कोणी गोल फिरून ‘एक्स-वाय-ए’ म्हणतो. कोणाला असें सुचतें कीं, येथें सगळेंच उलटें पाहावें: शेवटचें अक्षर एक घर पुढें नेण्याऐवजीं पहिलें एक घर मागें आणावें, म्हणजे ‘डब्ल्यू-वाय-झेड’. हें दुसरें उत्तर पाहून मनाला जो आनंद होतो, तो ‘एक्स-वाय-ए’ पाहून होत नाहीं, जरी दोन्हींना तर्क आहे. हॉफस्टॅडर आणि त्यांच्या शिष्या मेलनी मिचेल यांनीं रचलेलें संगणकाचें तंत्र एकच बरोबर उत्तर शोधीत नसे. एकाच कोड्याला तें निरनिराळ्या वेळीं निरनिराळीं उत्तरें देई, आणि कोणतें उत्तर किती वेळां येतें यावरून त्याची परीक्षा होई. परीक्षकांच्या जगांत ही वृत्ति नवी होती.

अलीकडे तर हींच अक्षरांचीं कोडीं माणसांची नव्हे, तर यंत्रांची परीक्षा घेण्यासाठीं वापरलीं गेलीं. प्रचंड मजकूर वाचून भाषा लिहूं लागलेलीं यंत्रें समसंबंध सोडवूं शकतात, असें टेलर वेब, कीथ होलिओक व हाँगजिंग लू यांनीं २०२३ सालीं दाखविलें. कांहीं प्रकारांत यंत्रानें विद्यार्थ्यांसही मागें टाकलें. यावर मार्था लुईस व मेलनी मिचेल यांनीं २०२४ सालीं एक साधी युक्ति केली. त्यांनीं वर्णमालेंतील अक्षरांची अदलाबदल केली, हा नवा क्रम प्रश्नावरच लिहून दिला, आणि त्या बदललेल्या वर्णमालेंत तींच कोडीं घातलीं. दुसऱ्या एका प्रकारांत तर अक्षरांच्या जागीं केवळ चिन्हें ठेविलीं. क्रम नजरेसमोर असल्यामुळें माणसांचे गुण फारसे घटले नाहींत, यंत्रांचे घसरले. पहिल्या मंडळींनीं उत्तर दिलें कीं, हा दोष संबंध ओळखण्याचा नसून घरें मोजण्याचा आहे, आणि मोजण्याची सोय करून दिल्यास यंत्रास तीं कोडीं सुटतात. साडेचार सेकंदांत नापास झालेल्या त्या १९१७ च्या शिपायांच्या बाजूनें असें कोणी बोललें असतें, तर त्यांनाही प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर छापलेली एक ओळ आणि थोडा अधिक वेळ मिळाला असता.